रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड खरी

चिंताविकार बहुतेक रुग्णांच्या लक्षात येतो तो शरीरातून. छातीत धडधडते, श्वास पुरत नाही, तळहातांना घाम सुटतो, घशात काहीतरी अडकल्यासारखे होते, पोटात कालवते, पाय लटपटतात, बोटांना मुंग्या येतात. यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यात हे सारे एका दमात सांगितले जाते: “जीव घाबरते, कसंतरीच होते.” सांगणारा एमआयडीसीतला पाळीचा कामगार असो की जवळच्या शिवारात कापूस वेचणारी बाई, पुढचा क्रम ठरलेला असतो. ईसीजी निघतो, रक्त तपासले जाते, बीपी मोजले जाते आणि कागद परत देताना वाक्य येते, “रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही.” या वाक्याचा पहिला भाग खरा असतो. दुसरा भाग पहिल्यातून निघत नाही, आणि तो चूक आहे.

तपासणी तिला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. ईसीजीचा कागद सुमारे दहा सेकंदांतली हृदयाची विद्युत लय दाखवतो. हिमोग्लोबिन रक्त किती आहे ते सांगते, साखरेची तपासणी साखर सांगते. यांतली एकही तपासणी चिंताविकार शोधण्यासाठी बनलेली नाही. त्यामुळे “हृदयविकाराची खूण आत्ता दिसत नाही” एवढेच म्हणण्याचा अधिकार त्या कागदाला आहे. त्यापुढे जाऊन “काही झालेलं नाही” म्हणणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे. रुग्णाला हा घोटाळा लगेच कळतो, कारण त्याची छाती धडधडत असते. मग तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, तिथे पुन्हा ईसीजी निघतो, आणि प्लास्टिकच्या पिशवीतली फाइल जाड होत जाते.

या धडधडीमागची यंत्रणा शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. अमेरिकन शरीरक्रियातज्ज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली भीती, भूक, वेदना आणि संताप यांत शरीरात होणारे बदल ग्रंथरूपाने मांडले. धोका जाणवला की मेंदूतून अनुकंपी चेतासंस्थेला इशारा जातो आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अॅड्रिनलिन सोडतात. हृदय जोराने आणि वेगाने चालते. कातडीकडचे रक्त स्नायूंकडे वळते, म्हणून हातपाय गार पडतात. पचन थांबते, म्हणून पोटात गोळा येतो आणि तोंड कोरडे पडते. अंग तापू नये म्हणून घाम सुटतो. स्नायू ताणले जातात आणि थरथरतात. प्रत्येक लक्षणाला पळण्याच्या किंवा लढण्याच्या तयारीत नेमके काम आहे, आणि प्रत्येक लक्षण उपकरणाने मोजता येते. “हे सगळे मनाचे खेळ” म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे की कल्पनेतल्या घामाने बनियन कसे भिजते.

चिंताविकारात ही यंत्रणा बिघडलेली नसते, ती नको त्या वेळी सुरू होते. विदर्भात शेतातल्या मोटारीला ऑटो बसवलेला असतो. रात्री-बेरात्री वीज आली की मोटार आपोआप चालू होते, पिकाला पाण्याची गरज असो वा नसो. अशी मोटार दहा वेळा खोलून पाहिली तरी ठणठणीत निघेल, कारण दोष ऑटोच्या मांडणीत आहे. तिथे “मोटार नॉर्मल आहे” असे सांगून शेतकऱ्याचे समाधान होत नाही. दवाखान्यात मात्र त्याच तऱ्हेचे उत्तर त्याने मुकाट स्वीकारावे अशी अपेक्षा असते.

वैद्यकालाही हे उमगायला वेळ लागला. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांना धडधड, छातीत दुखणे, धाप आणि थकवा होत असे. डॉ. जेकब दा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्यांच्यावर निबंध लिहिला आणि या अवस्थेला चिडखोर हृदय म्हटले. पहिल्या महायुद्धात हेच चित्र हजारो सैनिकांत पुन्हा दिसले. दरम्यान १८९५ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंतेचा विकार सर्वसाधारण थकव्याच्या आजारापासून वेगळा काढला होता आणि त्याच्या वर्णनात धडधड, धाप, घाम, कंप, चक्कर यांना ठळक जागा दिली होती. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ‘पॅनिक’ हा स्वतंत्र विकार म्हणून आला तो १९८० साली. म्हणजे मनोविकारशास्त्रानेच या विकाराचे वर्णन पहिल्यापासून शरीराच्या लक्षणांनी केले आहे. शरीराची लक्षणे वेगळी आणि चिंता वेगळी, ही फाळणी दवाखान्याच्या सोयीची आहे. शास्त्रात तिला आधार नाही.

पॅनिकचा झटका जवळून पाहिला तर त्याची ओळख किती ठसठशीत आहे ते कळते. माणूस बसलेला असतो, कधी झोपेतूनही उठतो. अचानक छातीत धस्स होते आणि काही मिनिटांत लक्षणे शिगेला पोहोचतात. निदानपुस्तिकेत तेरा लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी चार एकाच वेळी आली की झटका म्हणता येतो. आता मरणार, किंवा आता वेड लागणार, ही भीती त्या तेरांतच आहे. श्वास पुरत नाही असे वाटल्यामुळे माणूस भराभर आणि खोल श्वास घेऊ लागतो, आणि इथून एक दुसरेच चक्र सुरू होते. जादा श्वासांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो आणि रक्त किंचित अल्कलीकडे झुकते. त्यामुळे रक्तातले मोकळे कॅल्शियम कमी होते आणि मज्जातंतू अतिसंवेदनशील होतात. ओठांभोवती व बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, कधी बोटे आखडून पंजा चोचीसारखा होतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून गरगरते. प्राणवायू भरपूर असतो, तरी गुदमरल्यासारखे वाटते. आखडलेला पंजा पाहून घरचे लोक “लकवा मारला”, “अंगात आलं”, “कॅल्शियम कमी झालं” यांपैकी काहीतरी ठरवतात. तिसरे तर अर्धे बरोबरच असते. फक्त कॅल्शियमच्या गोळीने ते सुटत नाही, श्वास संथ झाला की सुटते.

अशा वेळी गावात होणारा सर्वांत लोकप्रिय उपचार म्हणजे बाटली लावणे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते. उलट्या-जुलाबांनी कोरड्या पडलेल्या माणसाला त्याने जीवदान मिळते. पॅनिकच्या झटक्यावर त्याचा कसलाही औषधी परिणाम नाही. तरीही “बाटली लावली अन् बरं वाटलं” हा अनुभव खोटा नसतो. झटका साधारण दहा मिनिटांत शिखर गाठतो आणि पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात आपोआप ओसरतो. बाटली संपायला तास-दीड तास लागतो, त्या वेळात माणूस पडून राहतो, जवळ कोणीतरी असते, श्वास संथ होतो. ओसरायचे ते ओसरतेच, आणि श्रेय बाटलीला जाते. नुकसान पुढच्या वेळी होते: आपण बाटलीशिवाय वाचणार नाही, अशी नवी भीती जुन्या भीतीत मिसळते. सलाइन लावणाऱ्या डॉक्टरवर खापर फोडणे सोपे आहे. पण बाटली न लावता पंधरा मिनिटे समजावून सांगणाऱ्या डॉक्टरला फी द्यायला किती लोक तयार असतात, हेही विचारले पाहिजे.

“बीपी लो झालं” हे दुसरे ठरीव निदान. भीतीच्या झटक्यात रक्तदाब सहसा वाढतो, म्हणूनच चक्कर येऊन पडेन असे वाटणारी माणसे क्वचितच खरोखर पडतात. अपवाद रक्ताच्या आणि सुईच्या भीतीचा. तिथे रक्तदाब व नाडी एकदम खाली येतात आणि माणूस खरोखर कोसळतो. इतर ठिकाणी “लो” हा शब्द यंत्र न लावताच वापरला जात असेल, तर तो निदान नसून सांत्वन आहे.

गॅसचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे. चिंतेत माणूस नकळत हवा गिळतो, जठराची हालचाल विस्कटते, ढेकर येतात आणि छातीत दाटते. तेव्हा गॅस असतो हे खरेच. चूक कार्यकारणाच्या दिशेत आहे: गॅस डोक्यात चढून जीव घाबरत नाही, जीव घाबरल्याने पोट बिघडते. वर्षानुवर्षे सकाळी उपाशीपोटी आम्लतेची गोळी घेऊनही धडधड जात नसेल, तर निदान पुन्हा तपासायला हवे. गॅस या शब्दाचा दुसरा धोका जास्त मोठा आहे आणि तो चिंतेच्या उलट बाजूचा आहे. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटका पोटाच्या वरच्या भागात दुखून येऊ शकतो, आणि त्यालाही गॅसच म्हटले जाते.

झटक्याने न येणारी, रेंगाळणारी चिंता ओळखायला अवघड. सहा महिने किंवा अधिक काळ, बहुतेक दिवस, ताबा न राहणारी काळजी आणि सोबत अस्वस्थता, लवकर थकणे, लक्ष न लागणे, चिडचिड, स्नायूंचा ताण, झोपेचा बिघाड यांपैकी किमान तीन गोष्टी, अशी तिची व्याख्या आहे. रुग्ण मात्र मानेची गाठ घेऊन येतो, डोके चेपून घेतो, सकाळी उठल्यावर जबडा दुखतो म्हणून दातांच्या डॉक्टरकडे जातो. बँकेत जायच्या दिवशी पहाटेपासून तीनदा परसाकडे जावे लागते, एरवी पोट ठीक असते. एसटीत बसण्याआधी दर दहा मिनिटांनी लघवीला लागते. रात्री दोनला डोळा उघडतो तो उघडाच राहतो. या तक्रारी एकेकट्या घेतल्या तर प्रत्येकीचा वेगळा तज्ज्ञ आहे. एकत्र मांडल्या तरच त्यांचा आकार दिसतो. दहा मिनिटांच्या ओपीडीत एकच तक्रार ऐकली जाते, म्हणून आकार दिसत नाही.

येथे सुशिक्षितांचा एक आवडता युक्तिवाद पुढे येतो. ग्रामीण माणसाला भावना सांगता येत नाहीत, तो मनाचे दुःख शरीराच्या भाषेत बोलतो. शहरी, शिकलेला माणूस सरळ “मला अँझायटी आहे” म्हणतो. ऐकायला हे सहानुभूतीचे वाटते, पण पुरावा त्याच्या विरोधात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने १४ देशांतल्या १५ केंद्रांवर, त्यांत बंगळूरही होते, साध्या दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांची पाहणी झाली. तिच्यातले नैराश्याच्या रुग्णांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. नैराश्य असलेल्या ११४६ रुग्णांपैकी ६९ टक्क्यांनी डॉक्टरकडे येताना फक्त शरीराच्या तक्रारी सांगितल्या होत्या, आणि या बाबतीत पाश्चात्त्य व इतर केंद्रांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. फरक दुसऱ्या गोष्टीने पडत होता: जिथे रुग्णाचा नेहमीचा, ओळखीचा डॉक्टर नव्हता तिथे फक्त शरीराच्या तक्रारी सांगण्याचे प्रमाण जास्त होते. थेट विचारल्यावर मनाची लक्षणे साफ नाकारणारे साधारण दहातले एक निघाले. पाहणी नैराश्याची आहे, चिंतेची नव्हे, हे मान्य. पण दवाखान्याच्या दारातली परिस्थिती दोन्हींत सारखीच असते. लोहाऱ्याचा कामगार छातीवर हात ठेवतो तो भावना कळत नाहीत म्हणून नव्हे. दर वेळी नवा डॉक्टर समोर असतो आणि अनोळखी माणसाला छाती दाखवणे सोपे जाते, म्हणून.

खेड्यात असले आजार नसतातच, हे त्याच युक्तिवादाचे उद्दाम रूप. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महानगरांत प्रमाण जास्त आढळले, हा आधार त्यासाठी घेतला जातो. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. त्याच्या आकड्यांवरून विदर्भातल्या खेड्यांबद्दल छातीठोक बोलता येत नाही. त्याच सर्वेक्षणाने हेही दाखवले की सर्वसामान्य मानसिक विकार असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोक उपचाराविना आहेत. विदर्भापुरते बोलायचे तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम चालला. त्यात गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवले गेले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आलेल्या निष्कर्षांप्रमाणे, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आजार तिथे आधीपासून होता. दारात येऊन विचारणारे कोणी नव्हते.

विचारण्याची पद्धतही तपासून पाहावी लागते. २००६ पासून वापरात असलेल्या ‘जीएडी-७’ या प्रश्नावलीत सात प्रश्न आहेत, गुण २१ पर्यंत जातात आणि १० किंवा अधिक आल्यास पुढची तपासणी करतात. साधन चांगले आहे. पण तिचे प्रश्न जवळजवळ सगळे मनाचे: अस्वस्थ वाटते का, काळजी थांबवता येते का, काहीतरी भयंकर घडेल असे वाटते का. धडधड, घाम, मुंग्या, पोट यांचे नावही नाही. आशा कार्यकर्तीने ओट्यावर बसून पहिल्याच वाक्यात “काळजी वाटते का?” विचारले, तर घरच्यांसमोर उत्तर “नाही” येईल. आधी शरीर विचारावे: कुठे काय होते, किती वेळ टिकते, त्याआधी काय चालले होते. मग विचारावे, त्या भीतीने काय करायचे सोडले. एकटीने बाजारात जाणे सोडले का? गर्दीची बस? लग्नाच्या पंगतीत मधे बसणे? खरे निदान बहुतेक वेळा या शेवटच्या उत्तरात असते. हृदयाची धाप जिना चढताना वाढते. चिंतेची धडधड मात्र अनेकदा आरामात बसलेल्याला गाठते आणि तोच माणूस दुसऱ्या दिवशी पोते उचलतो तेव्हा काहीच होत नाही. एकाच वेळी चार-पाच अवयवांच्या तक्रारी, लाटेसारखे चढणे-उतरणे, पुढच्या झटक्याची धास्ती आणि जागा टाळणे असे चित्र जमले की चिंताविकार ओळखता येतो. “बाकी काही सापडले नाही म्हणून टेन्शन” असे उरलेसुरले निदान करण्याची गरज पडत नाही.

आता उलट बाजूचे खंडन, कारण ते यवतमाळात अधिक निकडीचे आहे. रिपोर्ट नॉर्मल म्हणून काहीच नाही, ही एक चूक. घाबरलेला दिसतो म्हणून सगळे टेन्शनच, ही तिची जुळी बहीण. २०१७ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधित झाले आणि वीसच्या वर माणसे दगावली. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी उंच वाढली होती आणि फवारा अंगावर, तोंडावर येत होता. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची बाधा घाम, मळमळ, छातीत आवळणे, कंप, बेचैनी अशीच सुरू होते. वरवर पाहता ती चिंतेच्या झटक्यापासून वेगळी काढता येत नाही, पण डोळ्यांत पाहिले की काढता येते. भीतीत बाहुल्या मोठ्या होतात आणि तोंड कोरडे पडते. या विषबाधेत बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ, डोळ्यांतले पाणी व नाकातले पाणी वाहू लागते, दृष्टी धूसर होते, कातडीखाली स्नायू फडफडतात. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांनी चेहऱ्याला चुरचुर आणि मुंग्या येतात, पण त्या औषध लागलेल्या जागीच असतात, घामाने आणि उन्हाने वाढतात आणि कित्येक तास टिकतात. वेगाने श्वास घेतल्यामुळे येणाऱ्या मुंग्या ओठांभोवती व दोन्ही हातांना येतात आणि श्वास संथ होताच जातात. फवारणीच्या दिवसांत जीव घाबरलेल्या माणसाला पहिला प्रश्न फवारणीचाच हवा. कपडे उतरवून साबणाने अंग धुणे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठणे, हे त्या वेळी कुठल्याही समुपदेशनाच्या आधी येते.

विषाखेरीज आणखी बरीच सोंगे आहेत. थायरॉइड वाढला की धडधड, घाम, कंप आणि चिडचिड होते, पण खाऊनही वजन उतरते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन जेवण चुकलेल्याची साखर उतरली की हेच सगळे होते आणि साखरपाण्याने काही मिनिटांत जाते. रक्तक्षय स्त्रियांत सर्रास असतो आणि त्यात थोड्या कष्टानेही धडधडते. विदर्भातल्या अनेक समाजांत, विशेषतः आदिवासी समाजांत, सिकलसेल आहे. त्याची छातीतली कळ भीतीच्या नावावर घालणे जिवावर बेतू शकते. झडपांचे जुने आजार, अचानक सुरू होऊन अचानक थांबणारी हृदयाची वेगवान लय, दमा, दम्याच्या औषधाचा जादा डोस हेही पाहावे लागतात.

तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याचा उल्लेख मात्र इस्पितळाच्या कागदावर क्वचितच असतो, आणि विदर्भात तो पहिल्या पाचांत असायला हवा. तंबाखूतले निकोटिन आणि सुपारीतले अरेकोलिन दोन्ही हृदयाची गती वाढवतात. घाम आणि गरगर त्यांच्यासोबत येते. तिसऱ्या पाळीत झोप मारण्यासाठी खर्रा आणि चहा यांचा मारा करणाऱ्याला सकाळी धडधडले, तर निदानाची सुरुवात खिशातल्या पन्नीपासून करता येईल. दारू रोज घेणाऱ्याचे हात सकाळी थरथरतात, घाम येतो, जीव घाबरतो आणि घोट घेतला की बरे वाटते, तेव्हा ती चिंता नसून दारू उतरल्याची लक्षणे असतात. त्यांत पहिल्या दोन दिवसांत मिरगीसारखे झटके येण्याचा धोका असतो.

हृदयविकाराबाबत तडजोड नाही. चाळिशीपुढच्या माणसाला, मधुमेह किंवा बीपी असलेल्याला, तंबाखू खाणाऱ्याला पहिल्यांदाच छातीत दाटून आले, दुखणे जबड्याकडे, पाठीकडे किंवा हाताकडे गेले, पंधरा-वीस मिनिटांत ओसरले नाही, घाम फुटला, किंवा शुद्ध हरपली, तर १०८ ला फोन करून ईसीजी आधी. चिंतेची चर्चा नंतर. स्त्रियांत आणि मधुमेह्यांत दुखणे नसतानाही झटका येऊ शकतो. एक ईसीजी नॉर्मल आला तरी शंका असेल तर तो काही वेळाने पुन्हा काढतात. या लेखाचा ईसीजीला विरोध नाही. ईसीजीनंतर येणाऱ्या “काही नाही”ला आहे.

आणखी एक आक्षेप गंभीर आहे आणि तो डॉक्टरांचा नाही, चळवळींचा आहे. कापसाला भाव नाही, कर्ज डोक्यावर आहे, २००६ मध्ये पंतप्रधानांनी पॅकेज दिले त्या सहा जिल्ह्यांत यवतमाळ होते आणि तरी आत्महत्या थांबल्या नाहीत. अशा शेतकऱ्याच्या धडधडीला विकार म्हणणे म्हणजे व्यवस्थेचा गुन्हा त्याच्या डोक्यात ढकलणे. राज्य सरकारने २०१५ मध्ये चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, तेव्हाही ही टीका झाली: भाव मागणाऱ्याला समुपदेशक कशाला? टीकेतला राग रास्त आहे, तर्क मात्र नाही. सावकाराच्या तगाद्याने सुरू झालेली धडधड तगादा थांबला तरी थांबेलच असे नाही. ऑटो एकदा बसला की तो वीज कोणामुळे आली हे विचारत नाही. शिवाय झोप न लागलेला, बँकेच्या दारात पाय लटपटणारा माणूस पीककर्जाचा अर्ज, विम्याचा दावा आणि मोर्चा यांपैकी काहीच नीट करू शकत नाही. कारण आर्थिक असले म्हणून परिणाम शरीरात होत नाही असे नाही. सिलिकोसिस खाणमालकामुळे होतो म्हणून फुफ्फुसाचा एक्स-रे काढू नये असे कोणी म्हणत नाही. उलट, ही लक्षणे व्यवस्थित नोंदली गेली तर तगाद्याची शरीराला बसणारी किंमत कागदावर येते.

ओळख पटल्यावर उपचाराची दिशा बरीच स्पष्ट आहे. झटका म्हणजे काय, तो किती वेळात ओसरतो, मुंग्या कशाने येतात, हे नीट समजावणे हाच पहिला उपचार, आणि अनेकांची अर्धी भीती तिथेच उतरते. झटक्यात श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवावा. नाकासमोर कागदी पिशवी धरण्याचा जुना उपाय आता सुचवत नाहीत, कारण दमा किंवा हृदयविकार असेल तर तो घातक ठरतो. टाळलेल्या जागी पायरीपायरीने परत जायला शिकवणारी वर्तनोपचाराची पद्धत सर्वांत टिकाऊ आहे. एसएसआरआय गटातली औषधे परिणाम दाखवायला काही आठवडे घेतात. पहिल्या दिवसांत अस्वस्थता किंचित वाढू शकते, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण तिसऱ्या दिवशी ती सोडतो. अल्प्राझोलमसारखी गोळी अर्ध्या तासात आराम देते, आणि धोका नेमका तिथेच आहे. ती २०१४ पासून लागू असलेल्या एच-१ अनुसूचीत आहे. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद ठेवावी लागते. काही महिने रोज घेतल्यावर गोळीचा अंमल उतरला की धडधड परत येते आणि ती आजाराची समजून डोस वाढतो. अचानक बंद केल्यास मिरगीसारखे झटके येऊ शकतात, म्हणून ती डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची. फोनवर बोलायचे तर टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे.

दवाखान्याच्या कागदावर काय लिहिले जाते, यावर पुढचे बरेच अवलंबून असते. “काही आढळले नाही” अशी नोंद पुढच्या डॉक्टरला काहीच सांगत नाही. तो पुन्हा ईसीजीपासून सुरुवात करतो. त्याऐवजी झटका कधी आला, किती मिनिटे टिकला, त्या वेळी नाडी आणि रक्तदाब किती होता, बाहुल्या कशा होत्या, फवारणी, खर्रा, दारू, औषधे काय, हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड किती, रुग्णाने काय टाळायला सुरुवात केली आहे, आणि या सगळ्यावरून चिंताविकाराचा निष्कर्ष का काढला, हे चार ओळींत लिहिता येते. लक्षणांचे रूप तेच राहिले तर तपासण्या पुन्हा करायच्या नाहीत. श्रमाने वाढणारे दुखणे, शुद्ध हरपणे, उतरणारे वजन, ताप किंवा एका बाजूचा अशक्तपणा यांपैकी काही नवे आले, तर जुना निष्कर्ष बाजूला ठेवून तपासणी पहिल्यापासून करायची.